क्रूझवरची टिप : आपोआप कापतात ती, आणि आपण हातात ठेवतो ती

सागरगोटे

मंडळी, जुलैअखेर सिअ‍ॅटलहून अलास्काची सात रात्रींची क्रूझ ठरली आहे. आम्ही दोघं, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. बुकिंग नणंदेनं केलं, ती तिकडेच असते. पैसे भरून झाले, व्हिसा आहे, सासूबाईंच्या थर्मलपासून सगळी खरेदी उरकली आणि आता घरात वाद पेटलाय तो टिपवरून.

कंपनी माणशी रोज १८.५० डॉलर ग्रॅच्युइटी, म्हणजे कर्मचाऱ्यांची टिप, लावते. आधी भरली नाही तर जहाजावरच्या खात्यात रोज आपोआप चढते. मुलालाही तेवढीच, त्याचा अर्धा दर वगैरे काही नाही. नणंद म्हणते आत्ताच भरून मोकळे व्हा. नवरा म्हणतो सेवा मिळायच्या आधी बक्षिसी कसली? शिवाय त्याच्या ऑफिसातले एकजण जाऊन आलेत. ते म्हणाले, पहिल्या दिवशी गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर सांगितलं की काढून टाकतात, आमच्या अख्ख्या ग्रूपनं काढली.

काढावी का? ठेवली तर वर आणखी कोणाला, किती आणि कधी द्यायचं? आणि सासूबाईंचा चातुर्मास लागलेला असेल, कांदा-लसूण बंद. त्यांच्या जेवणासाठी कोणी धडपड केली तर त्या माणसाचं काय करायचं?

---

झब्बू

रुमाल टाकून ठेवतो. पुढच्या वर्षी आम्हीपण निघालोय.

---

हिशेबनीस

आधी आकडा नीट बघू. १८.५० गुणिले चार माणसं गुणिले सात रात्री, ५१८ डॉलर. आजच्या भावानं पंचेचाळीस हजारांच्या पुढे. घरात वाद का पेटला ते कळलं.

हा दर साध्या खोलीचा, सुइटला त्याच कंपनीत २१ डॉलर. नॉर्वेजियन क्रूझ लाइनकडे साध्या खोलीला २०, सुइटला २५. कार्निव्हल कंपनी २०२३ मध्ये साडेचौदावरून १६ वर गेली. दर वाढतच असतात, म्हणून आधी भरण्याचा पहिला फायदा: भरल्यानंतर वाढ झाली तरी तुम्हाला सहसा जुनाच दर लागतो. दुसरा फायदा, शेवटच्या दिवशी बिल हातात आल्यावर रक्तदाब वाढत नाही. बाकी आज भरा नाहीतर तिथे भरा, कर्मचाऱ्याच्या दृष्टीनं काही फरक नाही. जहाजावरचं खातं भारतीय क्रेडिट कार्डाला जोडलंत तर मात्र परकीय चलनाचं मार्कअप आणि त्यावर जीएसटी लागेल. नणंदेच्या कार्डावरून आत्ताच भरा आणि तिला इथे रुपयांत द्या.

आता जिथे आपले लोक नकळत दोनदा देतात ते सांगतो. बारमधलं पेय, स्पा, पैसे देऊन जेवायची रेस्तराँ, या सगळ्यांवर १८ टक्के (काही ठिकाणी २०) ग्रॅच्युइटी बिलातच लावलेली असते. तरी पावतीवर खाली आणखी एक मोकळी ओळ असते, जादा टिपसाठी. ती भरायची सक्ती नाही. वर बारीक अक्षरात १८ टक्के दिसले की खाली आडवी रेघ मारून सही करा. ड्रिंक्स पॅकेज घेतलं असेल तर त्याच्याही किमतीवर ती एकदा लागून गेलेली असते.

---

तात्या_ठाणेकर

हे सगळं वाचून एकच विचारावंसं वाटतं. जहाज त्यांचं, नोकर त्यांचे, तिकीट आम्ही लाखांत काढलेलं. मग त्या पोरांचा पगार मी वेगळा का भरायचा? ज्याला 'ऐच्छिक' म्हणता ते आपोआप कापता, आणि काढायला काउंटरवर रांग लावायला लावता! तिकिटातच घाला ना पाचशे डॉलर. घालत नाहीत, कारण जाहिरातीतला आकडा मोठा दिसेल. मी तर काढणार, आणि ज्यानं चांगलं काम केलं त्याच्या हातात रोख ठेवणार. यात अन्याय कुठे आहे ते कोणीतरी समजावून सांगा.

---

झणझणीत

तात्या, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

---

लीड्सकर

तात्यांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका. आमच्या इथल्या ब्रिटिश लोकांना हे आपोआप कापणं इतकं खुपायचं की पी अँड ओ क्रूझेसनं मे २०१९ पासून ते बंदच केलं. आधी माणशी दिवसाला ७ पौंड होते, ते भाड्यात गेले. मरेलावरही टिप भाड्यातच. जर्मन लोकांच्या आयडा, माइन शिफ यांचंही तसंच. सीबोर्न, सिल्व्हरसी वगैरे महागड्या कंपन्या तर आधीपासूनच वेगळं मागत नाहीत. म्हणजे ज्या गिऱ्हाइकाला ही पद्धत पटत नाही, त्याच्यासाठी तिकिटात घालून जहाज चालवता येतं, चालतंय. अमेरिकन बाजारासाठी तसं करत नाहीत, कारण तिथे शेजारच्या कंपनीच्या तिकिटापेक्षा आपलं शंभर डॉलर स्वस्त दिसण्यावर धंदा चालतो.

ज्यांना तत्त्वाचा प्रश्न आहे त्यांनी अशी कंपनी निवडावी. दुसऱ्या कंपनीचं स्वस्त तिकीट काढायचं आणि मग काउंटरवर तत्त्व आठवायचं, हे मला पटत नाही.

---

मृण्मयी_फ्लोरिडा

लीड्सकर +१.

आम्ही फोर्ट लॉडरडेलपासून तासाभरावर राहतो. त्यामुळे शेवटच्या क्षणी स्वस्तात मिळालेल्या क्रूझा बऱ्याच होतात. तात्यांना 'पगार मी का भरायचा' याचं उत्तर हवंय, तर जहाजाच्या मागच्या बाजूला नावाखाली कुठलं बंदर लिहिलंय ते वाचा. नासाऊ, पनामा, हॅमिल्टन. मियामी बहुधा दिसणार नाही. जहाज बहामाज् किंवा पनामाच्या झेंड्याखाली चालतं, त्यामुळे अमेरिकेचा किमान वेतनाचा कायदा तिथल्या वेटरला लागूच होत नाही. सागरगोटेताई, तुमचं जहाज बहुतेक एका संध्याकाळी व्हिक्टोरियाला थांबेल. कॅनडातलं गाव आहे, छान आहे, पण कंपनी काही तिथल्या बागांच्या प्रेमाखातर थांबत नाही. परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन मध्ये परदेशी बंदर न करता परत अमेरिकेत उतरवता येत नाही, असा १८८६ चा कायदा आहे. झेंडा परदेशी ठेवण्याचे फायदे इतके आहेत की कंपन्या ही व्हिक्टोरियाची वळसेदार वाट आनंदानं घेतात. मोठ्या क्रूझ जहाजांत अमेरिकन झेंड्याचं एकच, हवाईतलं 'प्राइड ऑफ अमेरिका'. त्यावर नोकरवर्ग बहुतांशी अमेरिकन, आणि तिकीट बघाल तर डोळे पांढरे होतील. गंमत म्हणजे रोजचा सर्व्हिस चार्ज तिथेही सुटत नाही!

आता व्यवहाराचं. बंदरावर टॅक्सीतून उतरलात की बॅगा घेणारे पोर्टर जहाजाचे नसतात, बंदराचे असतात. रोजच्या ग्रॅच्युइटीतला छदामही त्यांना जात नाही. बॅगेमागे एक-दोन डॉलर द्या. ज्यूनोला व्हेल बघायची बोट, केचिकानला जंगलातली सहल, तिथले गाइड आणि ड्रायव्हर हेही वेगळे. त्यांच्यासाठी एक आणि पाच डॉलरच्या नोटा आधीच सुट्या करून ठेवा, जहाजावरच्या काउंटरला शेवटच्या दोन दिवसांत सुटे मिळवणं म्हणजे दादर स्टेशन. बटलर किंवा कन्सिअर्ज असलेली खोली घेतली असेल तर ते बऱ्याच ठिकाणी रोजच्या रकमेत धरलेले नसतात. कॅप्टन, इंजिनिअर, डॉक्टर यांना टिप द्यायची नसते. आमच्या ओळखीच्या एका काकांनी कॅप्टनसोबत फोटो काढून झाल्यावर त्याच्या हातात पाच डॉलर कोंबले होते. त्यानं अत्यंत सभ्यपणे परत केले.

---

दर्यावर्दी_वेंगुर्ला

एरवी मी वाचनमात्र असतो, पण या विषयावर गप्प बसवत नाही.

मी वेंगुर्ल्याचा. असिस्टंट वेटर म्हणून चढलो, हेड वेटर होऊन उतरलो. आता गावाला होमस्टे आहे. कंपनीचं नाव घेत नाही, आणि तिथे जे होतं तेच सगळीकडे असेल असंही नाही.

मी लागलो तेव्हा लिफाफ्यांचा जमाना संपत आला होता. शेवटच्या रात्री केबिनमध्ये छोटे लिफाफे ठेवलेले असत. एक केबिन स्टुअर्डचा (खोली आवरणारा), एक वेटरचा, एक असिस्टंटचा, एक हेड वेटरचा. प्रवाशाचं टेबल आठवडाभर तेच, वेटर तेच, जेवायची वेळ तीच. मुलांची नावं, कोणाला बर्फ नको, कोणाचा सूप आधी, सगळं पाठ. आणि शेवटच्या रात्री काही टेबलं रिकामी! आठवडाभर दोन-दोन प्लेट लॉबस्टर मागवणारं कुटुंब त्या रात्री वर बुफेत जेवायचं, लिफाफा द्यायला लागू नये म्हणून. आम्हाला कळायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गँगवेवर, म्हणजे उतरायच्या पुलावर, समोरासमोर आलो की ते मान वळवायचे, आम्ही 'हॅव अ सेफ फ्लाइट' म्हणायचो.

मग नॉर्वेजियननं २००० च्या सुमाराला 'फ्रीस्टाइल' काढलं. कधीही या, कुठेही बसा. बाकीच्यांनीही आपापल्या नावानं तसंच केलं. आता वेटर रोज वेगळा, तर लिफाफा द्यायचा कोणाला? म्हणून रोजची रक्कम खात्यावर आली. तात्यांना ती जुलूम वाटते, आम्हाला ती आली तेव्हा सुटल्यासारखं झालं.

या पैशाचं होतं काय? एक वाटा केबिन स्टुअर्डला, एक डायनिंगला, आणि एक मागच्या लोकांना. मागचे म्हणजे लाँड्रीतले, बुफेचे ट्रे उचलणारे, गॅलीत (जहाजाच्या स्वयंपाकघरात) पहाटे दोन वाजता पातेली घासणारे. तुम्ही त्यांना बघतच नाही, त्यामुळे त्यांच्या हातात कोणीच कधी काही ठेवत नाही. तात्या, तुम्ही ग्रॅच्युइटी काढून रोख द्याल, पण कोणाला? हसून बोलणाऱ्या वेटरला. तुमची चादर धुणारा पोरगा खालच्या डेकवर असतो, तिथे तुम्हाला जाताच येत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी प्रवाशांना कधी सांगत नाहीत. आमच्याकडे नियम असा होता की ज्या केबिननं ग्रॅच्युइटी काढली, तिच्याकडून मिळालेलं रोख आम्ही पूलमध्ये, म्हणजे टिपांच्या सामायिक गल्ल्यात, जमा करायचं. ज्यांनी ठेवली, त्यांच्याकडचं रोख आमचं. म्हणजे 'मी काढतो आणि थेट देतो' म्हणणाऱ्याचे वीस डॉलर माझ्या खिशात राहायचेच नाहीत. न जमा करता ठेवले आणि पकडलं गेलं, तर घरी.

कामाचं थोडं सांगतो, कोणाला दया यावी म्हणून नाही. करार सहा ते नऊ महिन्यांचा, त्यात एक रविवार नाही. मॅरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, म्हणजे बोटीवरच्या कामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार, २०१३ पासून लागू झालं, आपल्या सरकारनं २०१५ मध्ये मान्य केलं. त्यात २४ तासांत कमीत कमी १० तास आणि आठवड्यात ७७ तास विश्रांती लिहिली आहे. दहा तास विश्रांती कागदावर भरपूर वाटते. पण ती दोन तुकड्यांत देता येते, त्यातला एक सहा तासांचा असला की झालं. बंदराचा दिवस सगळ्यात वाईट. सकाळी दहापर्यंत तीन-चार हजार माणसं उतरणार आणि दुपारी तेवढीच नवी चढणार. मधल्या वेळात स्टुअर्ड आपल्या सगळ्या खोल्यांच्या चादरी, टॉवेल, बाथरूम करतो आणि नव्या पाहुण्याला दारात नावानं हाक मारतो. कोविडनंतर बऱ्याच कंपन्यांनी दिवसातून दोनदा खोली करणं बंद करून एकदाच केलं. प्रवाशांना वाटलं स्टुअर्डचं काम कमी झालं. काम कमी नाही झालं, त्याच्या वाट्याच्या खोल्या वाढल्या. पाहुण्यांच्या गमतीसाठी टॉवेल दुमडून हत्ती मात्र अजून करावाच लागतो.

---

मांडवीकाठ

दर्यावर्दीभाऊ, एकदम घरचं वाचल्यासारखं वाटलं. आमचे पप्पा तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरी करणारे. आधी बोटीवर सलून बॉय, मग स्टुअर्ड. गोव्यात आमच्या वाड्यावर दर दोन घरांआड एक माणूस बोटीवर असायचा. पी अँड ओच्या बोटींवर गोंयकार स्टुअर्ड एकोणिसाव्या शतकापासून आहेत, म्हणजे ही नोकरी आमच्याकडे पिढीजात. बोट मिळेपर्यंत मुंबईत धोबीतलावच्या 'कुडां'त राहायचं, आपापल्या गावाचा कूड. एक खोली, भिंतीला ओळीनं पेट्या, संध्याकाळी सगळ्यांनी मिळून तेर्स (जपमाळेची प्रार्थना) म्हणायची, आणि सकाळी उठून बॅलार्ड इस्टेटच्या ऑफिसांत चकरा.

पप्पांचं एक ठाम मत होतं. महिन्याचा पगार घरी, टिप स्वतःची नाही तर घराच्या 'वरच्या' खर्चाची. आमच्या घराची बाल्कांव (दारासमोरची बैठकीची ओसरी), बहिणीचं शिक्षण, फेस्ताचे कपडे, सगळं टिपवर. ते म्हणायचे, पगारावर माणूस जगतो, टिपवर घर उभं राहतं. ती रक्कम आपोआप येते की लिफाफ्यातून, याची त्यांना फिकीर नव्हती. फिकीर होती ती येते की नाही याची.

---

तात्या_ठाणेकर

वाचलं. पूलमध्ये जमा करण्याचा नियम माहीत नव्हता. तो असेल तर रोख देण्याचा माझा मार्ग बंद होतो, मान्य.

पण एक शंका उरते. मी असं वाचलं आहे की काही कंपन्या कर्मचाऱ्याला महिन्याची एक ठरावीक रक्कम हमी म्हणून देतात. टिपा कमी पडल्या तर कंपनी फरक भरते. मग मी माझी ग्रॅच्युइटी काढली तर भोक कंपनीच्या खिशाला पडेल, वेटरच्या नाही. बरोबर?

---

दर्यावर्दी_वेंगुर्ला

तात्या, अर्धं बरोबर. हमी असते. पूर्वी वेटरचा मूळ पगार महिना पन्नास डॉलर असायचा, बाकी सगळं टिप. त्या मानानं हमी आली हे चांगलंच झालं. पण हमी हा तळ आहे. जहाज भरलेलं असलं की पूल त्या तळाच्या वर जातो आणि वरचं सगळं आमचं. उन्हाळ्यात अलास्काची जहाजं भरून जातात. तिथे तुम्ही काढलेले डॉलर हमीच्या वरच्या भागातूनच जातात. जहाज अर्धं रिकामं असेल तर तुमचा हिशेब लागू पडेल. पण अर्धं रिकामं जहाज कंपनी चालवते कधी?

आणि काढणाऱ्यांची यादी निघते. कोणत्या केबिननं काढली ते सुपरवायझरला दिसतं. मग स्टुअर्डला बोलावून विचारतात, तुझ्या पाहुण्यांनी का काढली, काय कमी पडलं? त्या पोरानं काय सांगायचं, की पाहुण्यांच्या ऑफिसातल्या एकानं सांगितलं होतं म्हणून?

---

झणझणीत

हा शेवटचा टोला थेट धागाकर्तीच्या यजमानांच्या ऑफिसात. हलके घ्या.

---

विनिता_ना

आमचा अनुभव ग्रूप टूरचा. टूर कंपनीच्या पत्रकात 'टिप्स समाविष्ट' लिहिलं होतं. जहाजावर गेल्यावर कळलं की ती टूर मॅनेजर आणि बसच्या ड्रायव्हरची होती, क्रूझची वेगळी. मग काय, निम्म्या बसनं रिसेप्शनवर ठाण मांडलं. मला तिथे उभं राहायला लाज वाटत होती आणि दुसरीकडे फसवल्याचा रागही होता. पैसे भरायच्या आधी टूरवाल्यांकडून लेखी घ्या: जहाजाची रोजची ग्रॅच्युइटी धरली आहे की नाही, हो किंवा नाही. 'सगळं इनक्लुसिव्ह आहे हो मॅडम' हे उत्तर धरू नका.

आणि एक. आपल्या सोसायटीच्या वॉचमनला दिवाळीची पोस्त देताना आपण 'पगार सोसायटी देते ना' असं म्हणत नाही. म्हणणारे असतात, पण त्यांच्याबद्दल बाकीचे काय बोलतात तेही माहीत असतं.

---

हिशेबनीस

विनिताताई, उदाहरण बरोबर उलटं आहे हो! पोस्त ही पगाराच्या वर. इथे भांडण पगाराच्या आतल्या रकमेचं चाललंय. दर्यावर्दी सांगतायत त्यावरून मला दोन वेगळे हिशेब दिसतात. रोजचे १८.५० हा भाड्याचाच भाग, जाहिरातीतून बाहेर काढलेला. तो तिकिटात मिळवून मगच क्रूझ परवडते की नाही ते ठरवा. नसेल परवडत तर सातऐवजी चार रात्रींची घ्या, नाहीतर बाल्कनीऐवजी आतली खोली. आणि चांगल्या कामाचं बक्षीस हा दुसरा हिशेब, तो मनाचा. दोन्ही एकाच पाकिटात घातले की गोंधळ होतो.

कंपनीनं हे उघड करावं या बाबतीत मी तात्यांच्याच बाजूचा. फक्त कंपनीवरचा राग लाँड्रीवाल्याच्या पैशातून वसूल करू नये.

---

सागरगोटे

बापरे, केवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. नवऱ्याला अख्खा धागा वाचायला लावला. ग्रॅच्युइटी राहणार, नणंद आज भरतेय. ऑफिसातल्या गृहस्थांचा विषय घरात बंद.

आता वरचं सांगा. स्टुअर्डला कधी द्यायचं? माझी आई म्हणते शेवटी. मैत्रीण म्हणते पहिल्याच दिवशी थोडे दे, मग बघ कसा धावतो. दर्यावर्दीदादा, सासूबाईंच्या जेवणाचंही जरा सविस्तर सांगाल का?

---

मृण्मयी_फ्लोरिडा

मी पहिल्या दिवशी दहा-वीस देते, सोबत काय हवंय ते सांगते. जादा हँगर, मिनीबार रिकामा करून मुलाच्या औषधाला फ्रिज, सकाळी नऊच्या आत खोली. उरलेले शेवटी.

---

हिशेबनीस

याला आमच्यात चिरीमिरी म्हणतात.

---

मृण्मयी_फ्लोरिडा

म्हणा. फ्रिज रिकामा मिळतो.

---

दर्यावर्दी_वेंगुर्ला

पहिल्या दिवशी द्या किंवा शेवटी, त्यावरून खोली कमी-जास्त स्वच्छ होत नाही. वेळ कोणाला आधी द्यायचा, एवढाच थोडा फरक पडतो. पण शेवटी देणार असाल तर शेवटच्या सकाळची वाट बघू नका. त्या सकाळी स्टुअर्ड कुठे सापडेल सांगता येत नाही, आणि रिकाम्या खोलीत उशीखाली ठेवलेली नोट त्यालाच मिळेल याचीही खात्री नाही. आदल्या संध्याकाळी हातात द्या. चौघांच्या खोलीला आठवड्याचे वीस ते चाळीस डॉलर म्हणजे उत्तम. डॉलरची नोटच द्या. नाणी देऊ नका, ती बदलून मिळत नाहीत. रुपये तर नकोच. एकदा एका काकूंनी मला अकरा रुपये दिले होते, शंभराचं पाकीट नव्हे, खरोखर अकरा. ते अजून देवाजवळ आहेत.

सासूबाईंचं. बुकिंगच्या संकेतस्थळावर खास आहाराची नोंद करायची सोय असते, ती आत्ताच करा. चढलात त्या संध्याकाळी डायनिंग रूममध्ये हेड वेटरला गाठा. वेटरला नाही, हेड वेटरला. गॅलीत भारतीय कुक जवळपास प्रत्येक मोठ्या जहाजावर असतात, गोव्याचे तर हमखास. पद्धत अशी की आज रात्री उद्याचं सांगायचं. उद्या डाळ-भात, फुलके, अमुक भाजी. ऐन वेळी मागाल तर मेनूवरची ठरलेली इंडियन व्हेज डिश मिळेल, तिच्यात कांदा-लसूण असणारच, कारण ग्रेव्ही आधी करून ठेवलेली असते. 'जैन' म्हणालात तर सगळ्यांना पटकन कळतं, पण मग बटाटा, गाजर, सगळी कंदमुळं जातात. सासूबाईंना बटाटा चालत असेल तर स्पष्ट सांगा, नाहीतर सात दिवस कोबी आणि फरसबी. बुफेत त्यांना जेवू घालायचं टाळा, तिथे कोणत्या पळीनं काय वाढलं याचा भरवसा नाही.

हेड वेटर हे रोज लक्षात ठेवत असेल तर त्याला शेवटी वीस-तीस डॉलर द्या. कुकचं कठीण. तो बाहेर येत नाही, त्याला टिप जवळजवळ मिळतच नाही. हेड वेटरला सांगा, आजींना कुकला भेटायचंय. गर्दी नसेल तर बोलावतात. सासूबाईंनी स्वतः त्याला मराठीत किंवा हिंदीत दोन शब्द बोलून वीस डॉलर हातात ठेवले, तर तो ते केबिनमधल्या सगळ्यांना सांगत फिरेल. सीलबंद चिवडा, बाकरवडीचं पाकीट चालतं. घरचा डबा नका देऊ, क्रूला बाहेरचं उघडं अन्न घ्यायची परवानगी नसते.

आणि पैशापेक्षा जे जास्त चालतं ते. क्रूझ संपली की ई-मेलनं प्रश्नावली येते. आपले लोक ती भरत नाहीत. भरा, आणि नावं लिहा. नाव आणि देश बिल्ल्यावर असतात, शेवटच्या रात्री मोबाइलमध्ये टिपून घ्या. 'स्टाफ छान होता' याचा कोणाला उपयोग नाही. 'अमुक नावाच्या हेड वेटरनं माझ्या सासूबाईंचं जेवण रोज स्वतः तपासलं' असं लिहिलंत तर ते वाचलं जातं, बढतीच्या वेळी फाइलमधून निघतं. माझी असिस्टंटवरून वेटर म्हणून बढती झाली तेव्हा साहेबानं अशी तीन पत्रं समोर ठेवली होती. आणि मार्क देताना हात आखडू नका. आपल्याकडे दहापैकी आठ म्हणजे उत्तम. तिथे आठ पडले की दुसऱ्या दिवशी बोलावणं येतं, दोन का गेले म्हणून.

---

विनिता_ना

मार्कांचं वाचून हसू आलं. आमचे हे आयुष्यभर पेपर तपासत आलेत, दहापैकी सात म्हणजे शाबासकी. फॉर्म मी भरणार.

---

देवगडचो_पोर

दर्यावर्दीदादा, थोडं अवांतर. माझा भाऊ हॉटेल मॅनेजमेंट झाला, क्रूझवर जायचं म्हणतो. एक एजंट दोन लाख मागतोय, म्हणे जॉइनिंग पक्कं. द्यायचे का?

---

दर्यावर्दी_वेंगुर्ला

नको! एक रुपया देऊ नको. त्याच कन्व्हेन्शनमध्ये लिहिलंय की खलाशाकडून भरतीसाठी फी घ्यायची नाही. पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं ओळखपुस्तक), मेडिकल आणि एसटीसीडब्ल्यूचे (बोटीवर लागणाऱ्या सुरक्षा प्रशिक्षणाचे) कोर्स, एवढा खर्च आपला. एजंटकडे डीजी शिपिंगचा (सरकारच्या जहाज खात्याचा) आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना आहे का बघ, परवान्याच्या क्रमांकासकट यादी त्यांच्या संकेतस्थळावर असते. जो दोन लाख मागतो त्याचं नाव बहुतेक त्या यादीत सापडणार नाही. भावाला मला व्यक्तिगत निरोप पाठवायला सांग.

---

झब्बू

सिंगापूरहून निघणाऱ्या जहाजांचं काय? आमचं तिथून आहे. आणि मुंबई-गोवा केली तर?

---

मृण्मयी_फ्लोरिडा

अमेरिकन कंपनीचं जहाज सिंगापूरला आलं तरी पद्धत तीच, माणशी दर रात्री. आशियाई कंपनी असेल तर हिशेब सिंगापूर डॉलरमध्ये. मुंबईच्या बुकिंगला भाडं, बंदर शुल्क, जीएसटी, सेवा शुल्क अशी विगतवारी येते. त्यात ग्रॅच्युइटीची ओळ शोधा, दिसली नाही तर पैसे भरण्याआधी विचारा.

---

तात्या_ठाणेकर

लीड्सकर, त्या जर्मन कंपनीचं जहाज दुबईहून निघतं का हो? टिप भाड्यात असलेलं. सौ. विचारतेय.

---

लीड्सकर

हिवाळ्यात आखाती फेऱ्या करतात, पण कोणत्या वर्षी कोणतं जहाज येतं ते बदलतं, बुकिंगला बघा. जहाजावरचा बहुतेक कारभार मात्र जर्मनमध्ये चालतो. वहिनींना सांगा, बिंगो खेळायचा असेल तर आकडे शिकून जा.